डॅक हवा की अ‍ॅम्प?

संगणकावरचं गाणं हेडफोनपर्यंत पोचताना दोन वेगळी कामं होतात. फाइलमधल्या आकड्यांची विजेची लहर करायची, हे डॅकचं काम. त्या लहरीला हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर द्यायचा, हे अ‍ॅम्पचं. लॅपटॉपच्या जॅकमागे ही दोन्ही कामं बहुतेक वेळा एकच चिप उरकते, त्यामुळे ती दोन आहेत हेच लक्षात येत नाही. मग आवाजात काही खुपलं की कोणीतरी ‘चांगला अ‍ॅम्प घे’ असं सुचवतं. माझ्या मते हा सल्ला बहुतेकांच्या बाबतीत चुकतो.

कारण अ‍ॅम्प आत येईल तेच मोठं करून बाहेर सोडतो, गाणं आणि गाण्यात मिसळलेली खरखर दोन्ही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला वायर लावून पुढे अ‍ॅम्प जोडला, तर सिग्नल आधी लॅपटॉपच्या डॅकमधून आणि त्याच्याच छोट्या अ‍ॅम्पमधून आलेला असतो. तिथे जे बिघडलं ते पुढे दुरुस्त होत नाही.

बिघाड आहे की नाही, हे घरीच कळतं. डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावा, गाणं थांबवा आणि व्हॉल्यूम पूर्ण वर न्या. आता माउसचं चाक फिरवून एखादं लांबलचक पान वरखाली करा. पुष्कळ मशीनवर चाकाबरोबर बारीक किरकिर ऐकू येते, आणि गेम सुरू केला की ग्राफिक्स कार्डाची शिट्टीही. (पुन्हा गाणं लावण्याआधी व्हॉल्यूम आठवणीने खाली आणा.) मदरबोर्डापासून पुढच्या जॅकपर्यंतची वायर कॅबिनेटच्या आत नेमकी गोंगाट करणाऱ्या भागांजवळून जाते. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, जिथे तानपुऱ्यावर एकच स्वर ठेवलेला असतो, तिथे ही किरकिर जीव खाते. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती जाणवणारही नाही.

यावर पहिला उपाय फुकटचा: हेडफोन मागच्या जॅकला लावून पाहा. तरीही किरकिर राहिली तर यूएसबी डॅक घ्या. त्यात आकड्यांची लहर होण्याचं काम कॅबिनेटच्या बाहेर होतं, एवढाच त्याचा खरा फायदा. चिप ‘भारी’ असण्याला मी फार किंमत देत नाही. मदरबोर्डावरच्या रिअलटेक एएलसी १२२० या साउंड चिपचा सिग्नल-टू-नॉइज रेशो, म्हणजे खरखरीपेक्षा गाणं किती वर आहे तो आकडा, कंपनी १२० डेसिबल सांगते. १६ बिटांच्या सीडीची सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतची सगळी झेप सुमारे ९६ डेसिबलची. चिप पुरेशी चांगली असते, तिला शेजार वाईट मिळालेला असतो.

चार्जर काढला की थांबणारी घरघर मात्र वेगळी. तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांचं अर्थिंग वायरमधून एकमेकांना जोडलं जाऊन तयार झालेलं वेटोळं. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या सॉकेटवर असले की तो होऊ शकतो. ऑप्टिकल वायर सिग्नल प्रकाशाने नेते, तिच्यातून वीज जात नसल्याने ती वापरली की हा लूप तुटतो.

मग अ‍ॅम्प कधी हवा? आवाज स्वच्छ आहे, व्हॉल्यूम शंभरावर आहे आणि तरी कमी पडतो, तेव्हा. इथे आकडेमोड करावी, ती सोपी आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हा हेडफोन ३८ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, इम्पिडन्सचं माप), एका मिलिवॉटला ९९ डेसिबल देणारा. जॅकने १ व्होल्ट दिला की त्यात सुमारे २६ मिलिवॉट उतरतात आणि आवाज ११३ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे कानाला धोका होण्याइतका. त्याला अ‍ॅम्प लावून काय मिळवायचं? बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमचा, ९६ डेसिबलचा. त्याच १ व्होल्टला ४ मिलिवॉट, म्हणजे १०२ डेसिबल. हा झाला सर्वांत मोठा क्षण; शास्त्रीय रेकॉर्डिंगची सरासरी त्याच्या २० डेसिबल किंवा आणखी खाली असू शकते. कोणाला हे पुरेल, कोणाला नाही. जॅक अर्धाच व्होल्ट देत असेल तर आणखी ६ डेसिबल गेले. अशा वेळी अ‍ॅम्पचे पैसे वसूल होतात.

‘ओहम जास्त तर अ‍ॅम्प हवाच’ हा नियम मात्र अर्धवट आहे. हायफायमनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, पण एका मिलिवॉटला ८३.५ डेसिबलच देतो. त्याच्याकडून ११० डेसिबल काढायचे तर जवळजवळ ४५० मिलिवॉट लागतात, साडेचार व्होल्टच्या वर. लॅपटॉपच्या जॅकचं ते काम नव्हे. खोक्यावर ओहमच्या शेजारी सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे एका मिलिवॉटला किती डेसिबल याचा, आकडा असतो, दोन्ही एकत्र वाचावेत.

अ‍ॅम्पचा आणखी एक खरा उपयोग आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जॅकचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असेल तर काही इअरफोनच्या आवाजाचा तोलच बदलतो, काही स्वर मोठे आणि काही लहान होतात. समजा, एखादा बॅलन्स्ड आर्मेचर (छोट्या चुंबकीय पात्याने वाजणारा) इअरफोन स्वरांच्या एका पट्टीत ८ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ३२ ओहम आहे. १० ओहमच्या जॅकवर या दोन पट्ट्यांत ४.७ डेसिबलचा फरक पडतो. १ ओहमच्या जॅकवर एक डेसिबलही नाही. पावणेपाच डेसिबल कोणालाही ऐकू येतात. इथे कमी इम्पिडन्सचा अ‍ॅम्प आवाज न वाढवताही तो सुधारतो.

ब्लूटूथ हेडफोनवाल्यांनी यातलं काहीच घेऊ नये, डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही हेडफोनच्या आतच असतात. यूएसबी हेडसेटचंही तसंच.

बाजारातल्या पुष्कळ डब्या दोन्ही कामं करतात, म्हणून गोंधळ वाढतो. २०११ मध्ये एका निनावी अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ या हेडफोन अ‍ॅम्पचं डिझाइन जाहीर केलं. डॅक त्यात नव्हता. त्याच्या जोडीचा ‘ओडॅक’ हा डॅक २०१२ मध्ये स्वतंत्र आला. ही विभागणी मला आजही योग्य वाटते, कारण ज्याचं दुखणं एकाच बाजूला आहे त्याला दुसऱ्या बाजूचा खर्च वाचवता येतो.

विकत घेण्याआधी जुनी आणि नवी जोडणी सारख्याच मोठ्या आवाजात ऐका. एखाद्या डेसिबलने मोठं वाजणारं कानाला ‘जास्त उघडं’, ‘जास्त भरदार’ वाटतं, आणि अ‍ॅम्पची बरीचशी तारीफ त्यातूनच येते. दोन्ही बाजू समान करून, कोणतं चालू आहे हे न सांगता दुसऱ्या कोणाला तरी बदलायला लावा. फरक ओळखता आला नाही, तर तेच पैसे चांगल्या हेडफोनसाठी ठेवा.