टायरमध्ये खरंच किती नायट्रोजन जातो?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला आणि नाशिककरांची तिथली ये-जा वाढली. सोबत एक सल्लाही फिरू लागला: "समृद्धीवर जाताय ना? मग नायट्रोजन मारून घ्या. तो तापत नाही, कमी गळतो, टायर फुटत नाही."

पंपावर फुकट मिळणाऱ्या हवेतही 78 टक्के नायट्रोजन असतोच. पैसे मोजायचे ते उरलेला 21 टक्के ऑक्सिजन आणि थोडी वाफ बाहेर ठेवण्यासाठी.

'तापत नाही' हे तर सरळ चूक. तापला की दाब वाढतो हा शाळेतला वायूंचा नियम हवा आणि नायट्रोजन दोन्हींना सारखाच लागू पडतो. टायरचा दाब मोजणारा गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असल्याने इथला वातावरणाचा दाब साधारण 14 पीएसआय (टायरचा दाब मोजायचे एकक). म्हणजे गेजवर 33 असेल तर आतला खरा दाब 47. निफाडला डिसेंबरच्या पहाटे 7 अंशांवर 33 भरले आणि दुपारी टायर 29 अंशांवर गेला, तर दाब साडेतीन पीएसआयहून जास्त वाढणार. आत हवा असो वा नायट्रोजन.

गळतीचा दावा मात्र खरा आहे, आणि त्यामागची गंमत फार सुंदर. टायरच्या आतल्या ब्युटाइल रबरातून वायू भोकातून निसटावा तसा जात नाही. रेणू रबरात विरघळतो, रबराच्या लांब रेणूंच्या साखळ्यांमधून सरकत पलीकडे निघतो. ऑक्सिजनचा रेणू नायट्रोजनपेक्षा किंचित लहान (3.46 विरुद्ध 3.64 अँगस्ट्रॉम) आणि रबरात जास्त विरघळणारा, म्हणून तीन-चार पट वेगाने पार होतो. शिवाय प्रत्येक वायू फक्त स्वतःचा दाब ओळखतो. हवा भरलेल्या टायरमध्ये ऑक्सिजनचा वाटा सुमारे 10 पीएसआय, बाहेर 3. म्हणून तो बाहेर पडतो. शुद्ध नायट्रोजन भरलात तर आत ऑक्सिजन शून्य आणि बाहेर तेच 3. मग टायर 33 वर फुगलेला असूनही बाहेरचा ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो! उलट साध्या हवेच्या टायरमधून ऑक्सिजन जास्त गळतो आणि आपण वरून पुन्हा हवा मारतो, त्यामुळे तो आपसूकच नायट्रोजनकडे झुकत जातो.

फरक किती? 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी मासिकाने 31 प्रकारच्या टायरांत 30 पीएसआय भरून वर्षभर ठेवले. नायट्रोजनचे सरासरी 2.2 पीएसआय उतरले, हवेचे 3.5. वर्षाला सव्वा पीएसआयचा फायदा, बस.

तोही नायट्रोजन नीट भरला तर. दुकानातले यंत्र हवेतूनच नायट्रोजन गाळते. तो 95 टक्के शुद्ध धरू. टायर पूर्ण सोडला तरी आत 14 पीएसआय साधी हवा उरतेच. त्यावर 33 भरले की ऑक्सिजन जवळपास 10 टक्के राहतो. पुन्हा सोडून पुन्हा भरले, तर साडेसहापर्यंत येतो. आणि 28 वर आलेल्या हवेच्या टायरमध्ये नुसते पाच पीएसआय नायट्रोजन 'टॉप-अप' केला, तर ऑक्सिजन 21 वरून जेमतेम 19 वर! व्हॉल्व्हवर नायट्रोजनची खूण म्हणून हिरवी टोपी बसली एवढेच.

खरा खलनायक पाणी. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तळाशी पाणी साचते. ते नळीतून टायरमध्ये गेले तर 25 अंशांवरून 60 अंशांवर जाताना वाफेमुळेच सुमारे अडीच पीएसआय वाढतात, रिमही गंजते. टाकीचा खालचा कॉक रोज उघडून पाणी काढणारा पंक्चरवाला शोधा. दाबलेल्या हवेतले पाणी टाकीतच गळून पडते, आणि मग टायरमध्ये जाणारी हवा बाहेरच्या पावसाळी हवेपेक्षा कोरडी असते.

विमानांची गोष्ट वेगळी. 31 मार्च 1986 रोजी मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग 727 विमानात अतितापलेल्या ब्रेकजवळचा, साध्या हवेने भरलेला टायर उडाल्यानंतर फुटला. 167 जण गेले. तिथे टायरमध्ये ऑक्सिजन नसणे जीव वाचवते. कसारा घाट उतरणाऱ्या आपल्या गाडीत ब्रेक इतके तापण्याची वेळ सहसा येत नाही.

महामार्गावर टायर फुटण्याचे नेहमीचे कारण कमी दाब. बाजूची भिंत दर फेरीला दुमडते, रबरच तापते, आतला धागा सुटतो. जुना टायर आणि जादा ओझे यांची त्यात भर. त्यामुळे निघण्याआधी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे दाब भरा. भरलेल्या गाडीचा आकडा तिथेच वेगळा दिलेला असतो. वाटेत तापून तीन-चार पीएसआय वाढले तर हवा सोडू नका. नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा मारली तरी काही बिघडत नाही. एकच चाक दर आठवड्याला उतरत असेल, तर साबणाचे पाणी व्हॉल्व्हच्या पिनवर आणि रिमच्या कडेला लावून बुडबुडे पाहा. कुठेच दिसले नाहीत तर टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात खिळा शोधा.