‘नोटा’ जिंकला की निवडणूक रद्द? नाही!

निवडणूक लागली की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज पुन्हा फिरतो : ‘नोटाला (म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला) सर्वाधिक मते पडली तर निवडणूक रद्द होते आणि सगळे उमेदवार बाद!’ नागरिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेतही हे बिनधास्त लिहिलं जातं. लोकसभा-विधानसभेला असा नियमच नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालामुळे मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आलं. न्यायालयाचा मुद्दा मुख्यतः गुप्ततेचा होता. त्याआधी मत द्यायचं नसेल तर केंद्रावरच्या अधिकाऱ्याला सांगून नोंदवहीत तशी नोंद करावी लागे, म्हणजे गुपित तिथेच फुटायचं. निकालाचं गणित मात्र बदललं नाही. उमेदवारांमध्ये ज्याची मते सर्वाधिक, तो विजयी. समजा नोटाला 500, एकाला 300 आणि दुसऱ्याला 200, तर 300 वाला आमदार! अनामत रक्कम जप्त करायची का, हे ठरवतानाही नोटाची मते वैध मतांत धरत नाहीत.

इंदूरला 2024 च्या लोकसभेत नोटाला दोन लाखांहून जास्त मते पडून तो दुसरा आला. लातूर ग्रामीणलाही 2019 च्या विधानसभेत दुसरा नोटाच होता. निकालावर ढिम्म परिणाम नाही.

मग अफवेत तथ्य शून्य? अगदी तसंही नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने (हा वेगळा, स्थानिक संस्थांपुरता) नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला : महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायतीत नोटा पुढे गेला तर फेरनिवडणूक. तीही एकदाच, पुन्हा तेच झालं तर सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी.