मृद्भांडी-दालन (नागपूर परिसर)

मातीची भांडी, ती घडवण्याची अवजारे आणि भाजणीचे टप्पे एकत्र मांडलेले छोटे संग्रहालय किंवा मोठ्या संग्रहालयातला एखादा कक्ष. पाहणारे बहुधा बाहेरचा आकार आणि नक्षी बघून पुढे सरकतात. भांडे कसे घडले ते मात्र आतली बाजू, बूड आणि फुटलेली कड सांगते. त्यामुळे अखंड माठाइतकेच खापरांच्या पेटीपाशीही थांबावे.

नागपूरला मातीच्या भांड्यांची परंपरा फार जुनी आहे. 1863 साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय लोकांच्या तोंडी आजही ‘अजब बंगला’च आहे. शहराभोवती जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड ही महापाषाणीय शिलावर्तुळांची, म्हणजे दफनांभोवती मोठे दगड गोलाकार रचलेली प्राचीन स्थळे आहेत. टाकळघाट-खापा येथे नागपूर विद्यापीठाने 1968-69 मध्ये उत्खनन केले. इ. स. पू. पहिल्या सहस्रकातल्या या संस्कृतीची ओळख म्हणजे काळी-तांबडी भांडी: आतून आणि काठाशी काळी, बाहेर खालच्या अंगाला तांबडी. भांडे पालथे घालून भाजले की झाकलेल्या भागाला हवा मिळत नाही आणि तो काळा राहतो, उघड्या भागातले लोह हवेशी मिळून तांबडे होते, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे.

माती

नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्टपासून झालेली काळी, चिकण जमीन आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. नुसती वापरली तर भांडे सावलीतही तडकते. म्हणून तिच्यात तळ्याचा किंवा नदीचा गाळ, बारीक वाळू, चाळलेली लीद आणि राख मिसळतात. प्रमाण मातीगणिक बदलते, पण साधारण चार-पाच टोपल्या मातीला एक टोपली भर लागते. मातीची परीक्षा सोपी आहे. ओल्या पट्टीवर 10 सेंमीची रेघ ओढून पट्टी वाळवावी. रेघ 9 सेंमीच्या खाली आली तर वाळू वाढवावी.

काळ्या मातीतले चुनखडे हा दुसरा शत्रू. ते चाळणीतून सुटले तर भाजणीत त्यांचा कळीचा चुना होतो. भांडे आव्यातून (कुंभाराच्या भट्टीतून) चांगले निघते, पण पुढे काही दिवसांत हा चुना हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि पृष्ठभागाची टिकली उडवतो. जुन्या माठावर मध्यभागी पांढरा ठिपका असलेला खळगा दिसला तर तो धक्क्याने झालेला नाही, चुन्याने झालेला आहे.

चाक आणि थापी

पणती, बोळके अशी लहान भांडी चाकावरच पूर्ण होतात. एकाच मोठ्या गोळ्याच्या शेंड्यावरून ती एकामागून एक काढून दोऱ्याने कापतात. बुडाशी शिंपल्यासारख्या वळणदार रेघा असतील तर दोरा फिरत्या चाकावर ओढलेला असतो, समांतर असतील तर थांबलेल्या चाकावर. बुडाची माती नीट दाबली गेली नसेल तर वाळताना तिथे नागमोडी चीर पडते.

माठाचे तसे नाही. चाकावर फक्त काठ, गळा आणि जाड भिंतीचे अंग उतरते. ते थोडे सुकले की आतून दगडाचा किंवा भाजक्या मातीचा गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत पोट वाढवतात आणि बूड मिटवतात. चिकटू नये म्हणून राख भुरभुरवतात. मध्ये सुकवत हे दोन-तीनदा करावे लागते. भिंत जेमतेम अर्धा सेंमी उरते. माती जास्त ओली असेल तर पोट बसते, जास्त सुकलेली असेल तर थापीखाली फाटते. गळ्याच्या खाली आतून तिरका उजेड टाकला की चाकाच्या आडव्या रेघा संपून गोळ्याचे उथळ खळगे सुरू झालेले दिसतात. दालनातली सर्वांत बोलकी जागा हीच.

भाजणी

उघड्या आव्यात भांडी, गोवऱ्या, लाकूड, तणस यांचे थर रचून वरून खापरे, राख आणि माती यांचे आवरण घालतात. तापमान सामान्यतः 600 ते 850 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. सुरुवातीची आंच मंदच हवी. भिंतीत ओल असताना ताव वाढला तर वाफ भांडे फोडते. आवा गरम असताना उघडला तर गार वाऱ्याने बारीक तडे जातात. खापराच्या मधोमध काळा पट्टा असेल तर भाजणी आटोपती होती, आतला लिदीचा अंश पुरता जळलेला नाही. बाहेरचे काळे डाग जळण टेकल्याचे किंवा धुराचे.

वापराच्या खुणा

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी असते. म्हणूनच इथे माठ उत्तम चालतो. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते. पावसाळी दमट हवेत तोच माठ निकामी ठरतो. बाहेर पांढरी साय दिसली तर ती जड पाण्यातल्या क्षारांची. छिद्रे बुजल्याने असा माठ पाणी गार करत नाही. ऑइलपेंटने रंगवलेला माठही त्याच कारणाने पाण्यासाठी घेऊ नये.

रांधायच्या भांड्याला काजळी बाहेरून असते. लांबपोळीच्या मटक्याला ती आतून असते, कारण मटका चुलीवर पालथा असतो आणि पातळ पोळी त्याच्या पाठीवर भाजते. त्याच्या मातीत वाळू जास्त लागते, नाहीतर तो आंचेच्या धक्क्याने तडकतो. अक्षय्य तृतीयेचा घट, संक्रांतीची सुगडी ही हंगामी भांडी. त्यांवर वापराची झीज जवळपास नसते.

पाहताना लहान टॉर्च जवळ असावा. हात लावण्याची परवानगी मिळाली तर भांडे काठाने उचलू नये, दोन्ही तळवे पोटाखाली द्यावेत. बाजारातला माठ टिचकी मारून पारखतात. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर तडकलेला. संग्रहातल्या भांड्यावर हा प्रयोग करू नये. प्रत्यक्ष काम बघायचे असेल तर पावसाळा टाळावा, तेव्हा भांडी वाळत नाहीत. पाटीवर मातीचे ठिकाण, भर, जळण, घडवण्याची रीत आणि मिळवल्याचे वर्ष असायला हवे. ‘माठ, विदर्भ’ एवढ्याच पाटीने घडवणाऱ्याचे निम्मे कसब अदृश्य राहते.