मुलाच्या भेटीवरून सारखी भांडणं? कोर्टात नवा अर्ज टाकायच्या आधी हे वाचा

घटस्फोट होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी कटकट संपत नाही. एक जण मूल उशिरा आणून सोडतो, दुसरा व्हिडिओ कॉल उचलत नाही, पोलीस स्टेशनला गेलं तर ते म्हणतात हा दिवाणी मामला आहे. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयात, अर्ज करता येतो, तालुक्याला असाल तर तालुका विधी सेवा समितीत. ते समोरच्याला नोटीस काढतात आणि दोघांना मध्यस्थासमोर बसवतात. कोर्ट फी लागत नाही. पण समोरच्याला जबरदस्ती करता येत नाही, आला नाही तर विषय तिथेच थांबतो.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तहसीलला चकरा मारू नका, उत्पन्नाची मर्यादा फुकट वकील मिळण्यासाठी आहे, तडजोडीला बसण्यासाठी नाही. आणि बायकांना तर फुकट वकिलासाठीही उत्पन्नाची अट नाही.

आधार आणि मुलाचा जन्मदाखला सगळ्यांकडे असतो. नसते ती कोर्टाच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल. लोक मोबाईलमध्ये शेवटच्या पानाचा फोटो दाखवतात, भेटीच्या अटी मात्र आतल्या कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या पानांत) असतात, आणि ती पानं वकिलाकडे, वकील फोन उचलत नाहीत. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज टाका, वेळ लागतो म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

दुसरी अडचण पत्त्याची. लग्नाच्या वेळचा पत्ता टाकतात, नोटीस ‘लेफ्ट’ (पत्ता सोडून गेले) असा शेरा मारून परत येते आणि महिना फुकट जातो. आत्ताचा पत्ता आणि चालू मोबाईल नंबर द्या.

अर्जात सासूचा उद्धार नको हो. चार पानं भांडणाची आणि मागणी एकच ओळ, ‘मुलाला भेटू द्यावे’, यावर मध्यस्थ काय करणार? कुठला रविवार, किती ते किती, कुठल्या गेटवर सोडायचं ते लिहा. ‘दिवाळीची सुट्टी निम्मी निम्मी’ हे वाक्य तर दरवर्षी रडवतं, कारण लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज दोन्ही पहिल्याच निम्म्यात येतात. वर्षाआड अदलाबदल असं स्पष्ट लिहून घ्या.

पोटगी थकली म्हणून मूल दाखवायचं नाही, किंवा भेट दिली नाही म्हणून पोटगी बंद, ही सांगड तुम्ही घालू नका, दोन्ही आदेश वेगवेगळे चालतात. बैठकीत मोबाईलवर रेकॉर्डिंगही नको, तिथलं बोलणं गुप्त असतं.

तडजोड जमली तर ती तोंडी ठेवू नका. ती लोकअदालतीत मांडून तिथे निवाडा झाला तर त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करताना नीट वाचा. ताबा किंवा पोटगीची रक्कम असं काही मोठं बदलत असेल तर ज्या कोर्टाचा आधीचा आदेश आहे तिथे दोघांच्या सहीची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) द्या. एक फेरी पडेल, पण नवी केस नाही.

मारहाण, धमकी असेल किंवा मूल पळवून नेलं असेल तर हा रस्ता तुमचा नाही. सरळ वकील गाठा, किंवा विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, पुढच्या वेळी ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ असं ऐकावं लागतं.