थंड पाण्याच्या समुद्रफुलाला श्वास कसा पुरतो?

घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत क्लाउनफिश घेतला की सोबत कुठलंही समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) चालतं, असा एक समज आहे. खरं तर हा मासा उष्ण समुद्रातल्या दहाएक जातींच्याच आश्रयाला जातो. उत्तर अटलांटिकमधलं पिसाऱ्यासारखं मेट्रिडियम त्यांतलं नव्हे. त्याला १० ते १५ अंश सेल्सिअसचं खारं पाणी लागतं. २५ अंशांच्या टाकीत ते फार काळ तग धरत नाही.

का, ते पाहण्यासारखं आहे. समुद्रफुलाला कल्ले नाहीत, हृदय नाही, रक्तही नाही. ऑक्सिजन त्वचेतून नुसता झिरपत आत जातो, म्हणजे विसरणाने. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एक मिलिमीटर पार करायला ऑक्सिजनला साधारण चार मिनिटं लागतात, तर एक सेंटिमीटरला सुमारे सात तास! म्हणून तर हा प्राणी पातळ भिंतींची, पाण्याने भरलेली पिशवी आहे. आता पाणी तापवा. दर १० अंशांमागे शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. पुरवठा मात्र आटतो: समुद्राच्या लिटरभर पाण्यात १० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना पावणेसात. १० वरून २५ अंशांवर गेलं की गरज पावणेतीनपट होते, म्हणजे ऑक्सिजन आत पोचण्याआधी वरच्या थरातल्या पेशीच तो संपवतात.

त्यामुळे चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र, हाच मुख्य खर्च. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळे, आणि मुंबईच्या दमट हवेत ते फारसं होत नाही. शिवाय वाफ होते ती गोड्या पाण्याची, मीठ मागेच राहतं. भर घालायची ती आरओच्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. ईशान्येला टाकी ठेवली की वास्तुदोष जातो म्हणणाऱ्यांनी निदान तिथे खिडकीतून ऊन येतं का, एवढं बघावं.

ब्रिटिश किनाऱ्यावरचं लालबुंद ॲक्टिनिया त्या मानाने चिवट. भरती-ओहोटीच्या खडकांवर राहत असल्याने त्याला तापमानाच्या चढउतारांची सवय असते. स्कॉटलंडचे निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली तिथल्याच नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून आणलेलं असं एक समुद्रफूल ‘ग्रॅनी’ (आजी) म्हणून प्रसिद्ध झालं. ना पंप, ना फिल्टर. काचेची बरणी, वरचेवर बदललेलं समुद्राचं पाणी आणि एडिंबराची फुकटची थंडी. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. ग्रॅनी शेकडो पिल्लं देत १८८७ पर्यंत जगली.