ब्रेक दाबला की दिवा विझतो

पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटकडे भाजी घेऊन निघालेल्या जुन्या पिकअपच्या मागे असाल, तर तिच्या मागच्या दिव्यांकडे बघा. एखाद्या गाडीत ही खोड दिसते: ब्रेक दाबला की डावा दिवा उजळायच्या ऐवजी विझतो. पाय काढला की परत लागतो. खड्डा बसला की दुखणं आपोआप बरं, पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. फ्यूज शाबूत, मीटरवर 12 व्होल्ट, म्हणजे वायरिंग ठीक असं धरून नवा बल्ब बसतो, मग स्विच, शेवटी बॅटरी.

घोळ असतो करंटच्या परतीच्या वाटेत. गाडीत बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत प्रत्येक दिव्याची वेगळी वायर नेत नाहीत, ते काम लोखंडी बॉडी करते. दिव्याचं अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडणारी वायर, एका स्क्रूनं पत्र्याला आवळलेलं असतं. खाडीकडची खारी, दमट हवा तो स्क्रू खाते.

मागच्या बल्बात दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा, असतात: टेललाईटची 5 वॅटची, ब्रेकची 21 वॅटची. अर्थिंग दोन्हींना एकच. डाव्या दिव्याचं ते तुटलं की टेलचा करंट 5 वॅटच्या फिलामेंटमधून येतो, पुढे वाट नाही, म्हणून ब्रेकच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरनं उजव्या दिव्यात जातो आणि तिथल्या धड अर्थिंगमधून परततो. 21 वॅटची फिलामेंट थंड असताना तिचा रोध (करंटला होणारा अडथळा) जेमतेम एक ओहमच्या आसपास, त्यामुळे टेललाईट जवळजवळ नेहमीसारखी पेटते आणि कुणाला शंकाही येत नाही. आता ब्रेक दाबा. ब्रेकच्या वायरवरही 12 व्होल्ट आले. म्हणजे दोन्ही फिलामेंटच्या वायरींवर 12, फरक शून्य, करंट शून्य. ओहमनं 1827 मध्ये मांडलेला नियम गाडी इमानेइतबारे पाळते.

मग हे कधीमधीच का? घट्ट आवळलेले दोन धातूसुद्धा प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात. हादऱ्यांनी ते घासतात, उघडा पडलेला धातू पुन्हा गंजतो, आणि पुढच्या हादऱ्याला एखादा नवा उंचवटा टेकतो.

फ्यूजला यातलं काही कळत नाही. तो जास्त करंटला उडतो. गंज करंट कमी करतो. 60 वॅटच्या हेडलाईटला 5 अँपिअर लागतात. वाटेत अर्धा ओहम गंज आला तर ढोबळमानानं 4.1 अँपिअर उरतात, 2 व्होल्ट वाया जातात आणि स्क्रूपाशी 8 वॅटहून जास्त उष्णता तयार होते. बल्ब काढून मोजलं तर मीटरही फसवतो. त्याचा स्वतःचा रोध साधारण 1 कोटी ओहम, त्यापुढे हजार ओहमचा गंजही त्याला जाणवत नाही.

काहींना नजर लागल्याचा संशय येतो आणि बंपरला लिंबू-मिरची लटकते. लिंबाचा रस आम्लधर्मी, त्यात खुपसलेली लोखंडी तार झकास गंजते, एवढाच त्याचा विद्युतशास्त्राशी संबंध.

खरी तपासणी दिवा चालू ठेवूनच होते. पार्किंग लाईट लावा, कुणालातरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं बल्बच्या होल्डरच्या अर्थिंगवर. 0.2 व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थिंग चांगलं. 2-3 दिसले तर गंज. 12 च्या जवळ गेला तर अर्थिंग तुटलंच. आकडा बघत बघत वायरिंग आणि कपलर (वायरींचे जोड) हलवून बघा, जिथे आकडा उडी मारेल तिथे दोष. स्क्रू काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत सँडपेपर मारा, नवी थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडा.