योनीमार्गातली जाळी: ती का दुखते, आणि दाद कशी मागायची

खोकला किंवा शिंक आली की लघवी निसटते. बाळंतपणानंतर काही वर्षांनी अंग, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत, बाहेर येतं. या दोन्ही तक्रारींवर अमेरिकेत अनेक वर्षं पॉलीप्रोपिलीन या प्लास्टिकची जाळी बसवली गेली. पण धोका मोजताना या दोन्हींची गल्लत करू नये. लघवीसाठी मूत्रमार्गाखाली सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी बसवतात, तिला स्लिंग म्हणतात. अंग सावरण्यासाठी मात्र योनीच्या भिंतीमागे त्याहून बराच मोठा तुकडा घातला जायचा. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली दिलेल्या माहितीनुसार, मोठ्या तुकड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात सुमारे १० टक्के स्त्रियांमध्ये जाळी योनीच्या आवरणातून उघडी पडत होती. स्लिंगमध्ये हे प्रमाण सुमारे २ टक्के होतं. १६ एप्रिल २०१९ रोजी अंगासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री थांबवण्याचा आदेश निघाला. स्लिंग मात्र आजही वापरात आहेत.

जाळी बिघडते कशी? तिची छिद्रं ७५ मायक्रॉनहून मोठी असतील, तर जंतू गिळणाऱ्या पेशी आणि नव्या ऊतीचे धागे त्यांतून आत शिरतात आणि जाळी जागेवर रुजते. पण जाळी ताणली गेली की तीच छिद्रं ओढलेल्या जाळीदार पिशवीसारखी मिटत जातात. मग प्रत्येक धाग्याभोवतीचा व्रण शेजारच्या व्रणाला मिळतो, जाळी आखडते आणि मऊ पट्टीची ताठ दोरी होते. शिवाय योनी कधीच निर्जंतुक नसते, तिची भिंत पातळ असते आणि चालता-बसताना ती सतत हलते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या जाड भिंतीआड चालून गेलेली जाळी इथे त्रास का देते, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

त्रास ओळखायचा कसा? संभोगात दुखणं, जोडीदाराला टोचणं, रक्तस्राव, दुर्गंधी येणारा स्राव, पुन्हा पुन्हा लघवीचा संसर्ग. जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला कळ येत असेल, तर पट्टी कोणत्या वाटेने नेली होती हे विचारावं. काही प्रकारांत तिची टोकं ओटीपोटाच्या हाडातल्या छिद्रातून, नसांच्या जवळून काढतात. त्रास कधीकधी शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी सुरू होतो आणि म्हणूनच जाळीवर कोणाचा संशय जात नाही. ब्रिटनमधल्या २०२० च्या चौकशी अहवालात स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षं झटकून टाकल्या गेल्याची सविस्तर नोंद आहे. साध्या एक्स-रेमध्ये जाळी दिसत नाही. योनीमुखावरून केलेल्या सोनोग्राफीत दिसते. मूत्राशयात शिरल्याची शंका असेल तर दुर्बिणीने पाहावं लागतं.

उघडी पडलेली जागा लहान असेल तर इस्ट्रोजेनचं मलम लावून पाहतात, नाहीतर तेवढाच भाग कापतात. अख्खी जाळी काढणं फार अवघड असतं, कारण काँक्रीटमधल्या सळईसारखी ती ऊतीत रुतलेली असते. मूत्राशयाला किंवा नसांना इजा होऊ शकते, लघवी पुन्हा निसटू शकते, आणि दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. म्हणून हे काम सतत करणाऱ्या सर्जनकडेच जावं. काही तक्रारच नसेल तर निव्वळ भीतीपोटी जाळी काढू नये, नेहमीच्या तपासण्या पुरेत.

आता कायद्याचं. सर्वांत आधी ऑपरेशनची सविस्तर नोंद मिळवा. तिच्यात बहुधा उत्पादनाचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असतो. कोणती जाळी होती हेच सिद्ध झालं नाही तर दावा जागीच अडतो. जाळी काढणार असाल तर तुकडा जपून ठेवावा, फेकू नये, असं रुग्णालयाला आधीच लेखी कळवा.

कंपनीवरचा दावा सदोष रचना किंवा धोक्याची पुरेशी सूचना न देणं यांवर उभा राहतो. सर्जनच्या हलगर्जीचा दावा निराळा असतो आणि त्याची मुदतही निराळी. अमेरिकेत ही मुदत राज्यागणिक बदलते, अनेक ठिकाणी ती २ किंवा ३ वर्षांची आहे. बऱ्याच राज्यांत ती इजा आणि तिचं कारण कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून मोजतात. ‘हा जाळीचाच त्रास दिसतो’ असं डॉक्टर ज्या दिवशी म्हणाले, ती तारीख लिहून ठेवा. काही राज्यांत इजा केव्हाही कळली तरी एक अंतिम मर्यादा असते, म्हणून सल्ला घ्यायला उशीर नको.

वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयात एक लाखाहून अधिक दावे एकत्र चालले, तरी प्रत्येकीची इजा आणि भरपाई वेगळीच धरली गेली. वकील बहुधा मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीवर काम करतात. ती टक्केवारी खर्च वजा करण्याआधीची की नंतरची, आणि मेडिकेअरने (मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने) उपचारांवर केलेला खर्च त्याच रकमेतून परत द्यावा लागेल का, या दोन्हींची उत्तरं सही करण्याआधी लेखी घ्या.